टाइमआउट झाला, पण क्वेरी थांबली का?

मागे एका ठिकाणी कामाला असताना आमच्याकडे हिशेब विभागासाठी केलेलं एक छोटं अ‍ॅप होतं. पायथनमध्ये लिहिलेलं, असिंकआयओवर (एका कामाची वाट बघताना दुसरी कामं चालू ठेवणारी पायथनची लायब्ररी) चालणारं, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. त्यात महिन्याभराच्या व्यवहारांचा अहवाल काढायचं एक पान होतं. सुरुवातीला तो अहवाल दोन-तीन सेकंदांत यायचा. म्हणून क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या, कॉलभोवती ‘वेट फॉर’ हे पायथनचं फंक्शन गुंडाळून ५ सेकंदांची मर्यादा, म्हणजे टाइमआउट, लावलेली होती, आणि आम्ही सगळे निर्धास्त होतो. काहीही झालं तरी पाच सेकंदांच्या वर कोणी ताटकळणार नाही, असं वाटत होतं.

डेटा वाढत गेला. एका महिनाअखेरीला अहवाल येईना. लोकांना पाच सेकंदांनी ‘वेळ संपली, पुन्हा प्रयत्न करा’ असा संदेश दिसायचा आणि ते बिचारे सांगितल्याप्रमाणे पुन्हा बटण दाबायचे. काही मिनिटांत अहवालच काय, साधं लॉगिनही बंद पडलं. अ‍ॅपच्या सर्व्हरचा सीपीयू मात्र निवांत होता. मी डेटाबेसला जोडून घेतलं आणि त्यात सध्या काय चालू आहे ते दाखवणारं ‘पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी’ बघितलं. आठ ओळी होत्या. आठही ओळींत तीच अहवालाची क्वेरी, आठहींची अवस्था ‘अ‍ॅक्टिव्ह’. पहिली सुरू होऊन चौदा मिनिटं झाली होती, शेवटचीला अकरा. ज्यांनी त्या मागवल्या होत्या त्यांना नकार मिळून केव्हाच दहा मिनिटं उलटली होती. निकालाची वाट बघणारं कोणी उरलंच नव्हतं, आणि डेटाबेस तेच काम आठ वेळा इमानेइतबारे करत बसला होता.

पिठाच्या गिरणीत दळण टाकलंय, गर्दी आहे, उशीर होतोय म्हणून तुम्ही घरी निघून आलात, तर गिरणीवाला तुमचा डबा बाजूला ठेवत नाही. तो नंबर आला की दळतोच. तुम्ही निघून गेल्याचं त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. आणि घरी येऊन ‘अजून दळण आलं नाही’ म्हणून तुम्ही मुलाच्या हाती गव्हाचा दुसरा डबा पाठवलात, तर आता दोन डबे दळले जाणार, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्यांचा खोळंबा दुप्पट होणार. आमच्या अ‍ॅपमध्ये नेमकं हेच झालं होतं.

वाट बघणं सोडणं आणि काम थांबवणं

असिंक कोडमध्ये ‘अवेट’ लिहिलं की त्या जागी आपला टास्क, म्हणजे चालू असलेलं ते एक काम, थांबतो आणि कामांना आळीपाळीने चालवणारा इव्हेंट लूप दुसऱ्या कामाकडे वळतो. टाइमआउट लावणं म्हणजे त्या लूपला सांगून ठेवणं, की इतक्या सेकंदांत उत्तर आलं नाही तर या टास्कला उठव आणि त्याच्यात ‘कॅन्सल्ड एरर’ टाक. पायथनमध्ये हे दोन प्रकारे करतात. जुनं ‘वेट फॉर’ आणि ३.११ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून मिळालेला ‘असिंकआयओ टाइमआउट’ हा ब्लॉक. दुसरा वापरायला जास्त सुटसुटीत आहे, कारण त्याच्या आत चार-पाच ‘अवेट’ असले तरी सगळ्यांना मिळून एकच मर्यादा लागते.

पण यातला प्रत्येक शब्द आपल्या प्रोसेसच्या आतला आहे. टास्क, लूप, एरर, सगळं आपल्याच घरातलं. डेटाबेस ही वेगळ्या मशीनवरची वेगळी प्रोसेस आहे. आपल्या टास्कमध्ये अपवाद टाकला गेला हे तिला आपोआप कळायचं काही कारण नाही. कळवायचं असेल तर मधल्या ड्रायव्हरने, म्हणजे डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीने, ते कळवावं लागतं, आणि कळवतो की नाही हे ड्रायव्हरगणिक बदलतं.

आमच्या अ‍ॅपमध्ये ड्रायव्हर साधा, म्हणजे असिंक नसलेला होता. लूप अडू नये म्हणून त्याचे सगळे कॉल ‘टू थ्रेड’ वापरून वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे त्याच प्रोसेसच्या आत समांतर चालणाऱ्या धाग्यात, ढकललेले होते. पायथनमध्ये चालू थ्रेड बाहेरून थांबवायची सोय नाही. त्यामुळे ‘वेट फॉर’ने टास्क रद्द केला, माणसाला नकाराचा संदेश गेला, आणि थ्रेड मात्र डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत तसाच बसून राहिला. ‘टू थ्रेड’ ज्या थ्रेडच्या ताफ्यावर चालतं त्याचा आकार नेहमीच्या मांडणीत सीपीयूच्या कोअरपेक्षा ४ ने जास्त असतो, आणि ३२ च्या वर जात नाही. आमच्या सर्व्हरला ४ कोअर होते. म्हणून थ्रेड ८, म्हणून ओळी आठ. नववा माणूस आला तेव्हा एकही थ्रेड मोकळा नव्हता. लॉगिनची एका क्षणात होणारी क्वेरीसुद्धा रांगेतच पाच सेकंद काढून, सुरू न होताच रद्द होत होती.

जावास्क्रिप्टमध्ये हाच प्रकार ‘प्रॉमिस रेस’ने होतो. एकीकडे क्वेरी, दुसरीकडे पाच सेकंदांचा टायमर, जो आधी पूर्ण होईल त्याचं उत्तर घ्यायचं. टायमर जिंकला तर हरलेली क्वेरी रद्द होत नाही. तिच्याकडे बघणं फक्त बंद होतं. कोड वाचताना मात्र तो टाइमआउटच वाटतो, आणि म्हणून तो धोकादायक आहे.

डेटाबेसला ‘थांब’ कसं सांगतात

चांगला असिंक ड्रायव्हर हे काम करतो. पायथन आणि पोस्टग्रेसची जोडी असेल तर असिंकपीजी घ्या. क्वेरी चालू असताना टास्क रद्द झाला, की तो पोस्टग्रेसला रद्द करण्याची विनंती पाठवतो. ही विनंती कशी जाते ते बघण्यासारखं आहे. ज्या कनेक्शनवर क्वेरी चालू आहे त्याच्यावरून ती पाठवता येत नाही, कारण पलीकडची प्रोसेस कामात आहे, ती त्या बाजूला बघतच नाही. म्हणून ड्रायव्हर नवं, दुसरं कनेक्शन उघडतो. पहिलं कनेक्शन जोडताना पोस्टग्रेसने प्रोसेसचा क्रमांक आणि एक गुप्त किल्ली दिलेली असते, ती दोन्ही या नव्या कनेक्शनवर देतो आणि म्हणतो, अमुक प्रोसेसचं काम थांबवा. पोस्टग्रेस या विनंतीला उत्तर देत नाही, नुसतं कनेक्शन बंद करतो. थांबलं की नाही हे मूळ कनेक्शनवर एरर येते का त्यावरूनच कळतं. म्हणजे ही खरोखर विनंतीच आहे. नेटवर्क तुटलेलं असेल तर ती पोहोचणारच नाही.

मग कनेक्शनच तोडून टाकलं तर? तेही पुरेसं नाही. पोस्टग्रेसची प्रोसेस गणित करण्यात, सॉर्ट करण्यात गुंतलेली असेल, तर पलीकडचा माणूस गेल्याचं तिला निकाल पाठवायची वेळ येईपर्यंत कळत नाही. १४ व्या आवृत्तीत, २०२१ मध्ये, ‘क्लायंट कनेक्शन चेक इंटरव्हल’ अशी सेटिंग आली. ती लावली तर क्वेरी चालू असतानाही ठरावीक वेळाने कनेक्शन जिवंत आहे का हे तपासलं जातं. पण मुळात ती बंद असते.

म्हणून मी आता एकच गोष्ट आग्रहाने सांगते. खरी मर्यादा डेटाबेसच्या आत लावा. पोस्टग्रेसमध्ये तिचं नाव ‘स्टेटमेंट टाइमआउट’. मूळ किंमत शून्य, म्हणजे मर्यादा नाही, क्वेरी आठवडाभर चालली तरी चालेल. तुम्ही ती ३००० मिलिसेकंद केलीत, तर तीन सेकंदांनंतर पोस्टग्रेस स्वतःच क्वेरी मोडतो आणि ५७०१४ या क्रमांकाची एरर परत पाठवतो. आपलं अ‍ॅप जिवंत आहे की कोसळलंय, ड्रायव्हर शहाणा आहे की साधा, नेटवर्क आहे की नाही, कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. गिरणीवाल्यानेच ठरवलं, की कुणाचंही दळण अमुक वेळेच्या वर चालवायचं नाही.

ही सेटिंग डेटाबेसच्या मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये टाकायचा मोह होतो, तो टाळावा. तिथे टाकली की ती सगळ्यांना लागते. रात्री चालणारी हिशेबाची कामं, टेबलाची रचना बदलणारे मायग्रेशन, सगळी तीन सेकंदांत कापली जातात. त्यापेक्षा डेटाबेसमध्ये कामागणिक वेगळे रोल, म्हणजे जोडणी करणाऱ्यांची वेगळी खाती, करावेत आणि रोलला मर्यादा बांधावी. वेबवरून येणाऱ्या मागण्यांचा रोल तीन सेकंद, अहवालाचा रोल दोन मिनिटं, मायग्रेशनचा आणखी वेगळा. आम्ही शेवटी हेच केलं, आणि अहवाल त्या वेब मागणीतूनच बाहेर काढून मागे चालणाऱ्या कामात टाकला.

मध्ये पीजीबाउन्सर हा थोडी कनेक्शन अनेकांत वाटणारा मध्यस्थ असेल आणि तो ट्रान्झॅक्शन पद्धतीने, म्हणजे एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या क्वेरींच्या एका गटापुरतं, कनेक्शन वाटत असेल, तर ‘सेट’ने लावलेली मर्यादा त्या कनेक्शनला चिकटून राहते आणि पुढे ते कनेक्शन ज्याच्या हाती जाईल त्यालाही लागते. तिथे ‘सेट लोकल’ वापरा. त्याचा परिणाम त्या ट्रान्झॅक्शनपुरता असतो.

कुलूप आणि त्यामागची रांग

क्वेरी हळू असते तेव्हा दर वेळी ती काम करत असतेच असं नाही. कित्येकदा ती कुणाच्या तरी लॉकमागे, म्हणजे दुसऱ्याने टेबलावर किंवा ओळीवर घेतलेल्या ताब्यामागे, उभी असते. एक प्रसंग जवळजवळ प्रत्येक टीमवर येतो. कोणीतरी मोठा अहवाल चालवतं. त्याने टेबलावर अगदी सौम्य, फक्त वाचण्यापुरतं लॉक घेतलेलं असतं. तेवढ्यात दुसरं कोणी त्या टेबलाला एक कॉलम जोडायला ‘ऑल्टर टेबल’ चालवतं. त्याला पूर्ण ताबा लागतो, म्हणून ते अहवाल संपायची वाट बघतं. इथपर्यंत ठीक. पण त्यानंतर आलेलं प्रत्येक साधं ‘सिलेक्ट’ आता त्या ‘ऑल्टर’च्या मागे रांगेत लागतं. अहवालाला त्यांची काही अडचण नव्हती, पण रांग मोडून पुढे जाता येत नाही. कॉलम जोडायचं काम खरं तर क्षणाचं असतं, आणि त्याच्यापायी सगळं संकेतस्थळ ठप्प होतं.

यासाठी ‘लॉक टाइमआउट’ आहे, पोस्टग्रेस ९.३ पासून. मायग्रेशन चालवण्याआधी तो दोन सेकंद करून ठेवायचा. दोन सेकंदांत ताबा मिळाला तर उत्तम, नाही तर ‘ऑल्टर’ स्वतःहून रांग सोडतं, मागचे मोकळे होतात, आणि आपण थोड्या वेळाने पुन्हा बघतो.

असिंक कोडमध्ये आणखी एक खोड पटकन लागते. ट्रान्झॅक्शन उघडायचं, एक ओळ बदलायची, मग पैसे भरण्याच्या बाहेरच्या सेवेला ‘अवेट’ करून विचारायचं आणि तिचं उत्तर आलं की ‘कमिट’, म्हणजे बदल कायम करायचे. ‘अवेट’ लिहिताना काही अडत नाही, लूप मजेत पुढे चालतो, म्हणून हे निरुपद्रवी वाटतं. पण तितका वेळ ती ओळ लॉक असते, आणि बाहेरची सेवा तीस सेकंद अडकली तर ओळही तीस सेकंद अडकते. या काळात डेटाबेस काहीच करत नसतो, त्यामुळे ‘स्टेटमेंट टाइमआउट’ इथे लागूच होत नाही. त्यासाठी ९.६ पासून ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट’ आहे, आणि १७ व्या आवृत्तीत, २०२४ मध्ये, अख्ख्या ट्रान्झॅक्शनवरच मर्यादा घालणारा ‘ट्रान्झॅक्शन टाइमआउट’ आला. तरी खरा उपाय म्हणजे बाहेरचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढणं.

क्वेरीच्या आधीची रांग

क्वेरी डेटाबेसपर्यंत पोहोचण्याआधी कनेक्शन मिळावं लागतं, आणि असिंक अ‍ॅप सर्वांत जास्त तिथेच बुडतात. जुन्या, थ्रेडवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये वीस थ्रेड असले की एकविसावी मागणी दाराशीच थांबायची. तो एक नैसर्गिक अडसर होता. असिंकमध्ये तो नाही. लूप हजार मागण्या हसत आत घेतो आणि त्या सगळ्या कनेक्शन पूलच्या, म्हणजे उघडून ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्याच्या, दाराशी जमा होतात.

हिशेब करून बघा. पूलमध्ये १० कनेक्शन आहेत, क्वेरीला ५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला २०० क्वेरी निघतात. मागण्या सेकंदाला १०० येतात, काही चिंता नाही. आता काही कारणाने क्वेरी ५ सेकंदांची झाली. तीच १० कनेक्शन आता सेकंदाला फक्त २ क्वेरी काढतात. दहा सेकंदांत हजाराच्या आसपास मागण्या आत येऊन उभ्या राहतात, आणि शेवटच्या माणसाचा नंबर यायला आठ मिनिटं लागतील. तोवर तो पान बंद करून केव्हाच गेलेला असेल, तरी त्याची क्वेरी चालेलच.

म्हणून कनेक्शन मागतानाही मर्यादा हवी. असिंकपीजीच्या पूलमध्ये कनेक्शन मागणाऱ्या ‘अक्वायर’ला वेळ सांगितला नाही तर तो अनंत काळ थांबतो. एसक्यूएलअल्केमी या पायथनच्या लायब्ररीच्या नेहमीच्या पूलमध्ये ही मर्यादा ३० सेकंदांची असते, जी वेब मागणीसाठी फारच जास्त आहे. इथे मी अर्ध्या ते एक सेकंदाच्या वर जात नाही. एवढ्यात कनेक्शन मिळत नसेल तर सिस्टीम भरलेली आहे, आणि माणसाला लगेच तसं सांगणं हे त्याला ताटकळत ठेवण्यापेक्षा केव्हाही बरं.

आता आकडे एकमेकांत बसवायचे. आतली मर्यादा बाहेरच्यापेक्षा लहान, हा क्रम धरा. समजा माणसाला ५ सेकंदांत उत्तर द्यायचंय. कनेक्शनसाठी १, डेटाबेसमधला ‘स्टेटमेंट टाइमआउट’ ३, आणि दोन्हींना मिळून पायथनमधला टाइमआउट साडेचार सेकंद. असं ठेवलं की नेहमी डेटाबेसची मर्यादा आधी लागते, क्वेरी खरोखर मोडते, कनेक्शन स्वच्छ परत येतं आणि आपल्याला नेमकी एरर मिळते. पायथनचा टाइमआउट नेटवर्क मेलं किंवा डेटाबेसचं मशीनच गेलं अशा वेळेसाठी राखीव राहतो. उलटं ठेवलंत, म्हणजे पायथन २ आणि डेटाबेस ३०, तर ते आमच्या आठ ओळींच्या वाटेवरच जाणार. एका मागणीत चार क्वेरी असतील तर प्रत्येकीला तीन-तीन सेकंद दिल्याने बारा होतात हेही विसरू नये. ‘टाइमआउट अ‍ॅट’ वापरून अख्ख्या मागणीला एक अंतिम क्षण द्यावा आणि उरलेला वेळ क्वेरींनी वाटून घ्यावा.

टायमरलाही लूप लागतो

टायमर इव्हेंट लूपवर चालतो. कोणी त्याच लूपवर एक मोठी जेसन फाइल उलगडत चार सेकंद बसलं, तर ३ सेकंदांचा टाइमआउट चौथ्या सेकंदानंतरच वाजतो. शिवाय तेव्हा तो चुकीचाही वाजू शकतो. डेटाबेसचं उत्तर पहिल्याच सेकंदात सॉकेटवर येऊन पडलेलं असतं, पण लूपला ते उचलायला सवड नव्हती, आणि सवड मिळाली त्याच फेरीत टायमरचीही वेळ भरलेली. निकाल हातात असताना टास्क रद्द होतो. डेटाबेसच्या लॉगमध्ये क्वेरी २० मिलिसेकंदांत संपलेली दिसत असेल आणि अ‍ॅपच्या लॉगमध्ये टाइमआउट, तर डेटाबेसला दोष देऊ नका. आपल्या लूपवर कोण बसलंय ते शोधा.

कोडमधली दुसरी जागा म्हणजे अपवाद पकडणं. पायथन ३.८ पासून ‘कॅन्सल्ड एरर’ ही साध्या ‘एक्सेप्शन’च्या कुळातून बाहेर काढली आहे, म्हणजे ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ लिहून ती चुकून गिळली जात नाही. पण नुसतं ‘एक्सेप्ट’ लिहून पुढे चालू लागलात तर ती गिळली जातेच, आणि मग टाइमआउट लागूनही कोड चालूच राहतो. ‘टाइमआउट एरर’ही ब्लॉकच्या बाहेर पकडायची असते, आत नाही. आत असताना ती अजून ‘कॅन्सल्ड एरर’च्या रूपात असते, बाहेर पडताना तिचं रूपांतर होतं.

टाइमआउटनंतर काय खरं मानायचं

वाचणारी क्वेरी असेल तर प्रश्न नाही, उत्तर मिळालं नाही एवढंच. लिहिणारी असेल तर जपून. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या आत एक क्वेरी मोडली की अख्खं ट्रान्झॅक्शन बाद होतं, ‘रोलबॅक’ करून ते मागे घेतल्याशिवाय पुढची एकही क्वेरी स्वीकारली जात नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तसं नाही. तिथे लॉकची वाट बघण्याची मर्यादा मुळात ५० सेकंद असते, आणि ती संपली की फक्त ती एक क्वेरी मागे फिरते, ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं. कोडने तसंच पुढे जाऊन ‘कमिट’ केलं तर अर्धं काम कायम होतं. मायएसक्यूएलमधली ‘मॅक्स एक्झिक्यूशन टाइम’ ही मर्यादासुद्धा फक्त वाचणाऱ्या ‘सिलेक्ट’ला लागते, ‘अपडेट’ला नाही. एका डेटाबेसवरची सवय दुसऱ्यावर नेताना याचा फटका बसतो.

सर्वांत अवघड क्षण ‘कमिट’चा. आपण ‘कमिट’ पाठवलं आणि उत्तर यायच्या आत टाइमआउट झाला. काम कायम झालं का? दोन्ही शक्य आहे, आणि एररवरून ते ठरवता येत नाही. अशा वेळी डोळे झाकून पुन्हा पाठवलं तर एकाच माणसाचे पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक लिहिण्याच्या कामाला अ‍ॅपनेच आधी एक क्रमांक द्यावा, टेबलात त्यावर ‘युनिक’चं बंधन घालावं, आणि ‘इन्सर्ट’ला ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ जोडावं. मग तेच काम दुसऱ्यांदा आलं तरी दुसरी नोंद होत नाही. पुन्हा प्रयत्न करायचाच तर मोजून एक-दोनदा, आणि मध्ये थोडा कमीजास्त वेळ जाऊ देऊन. सगळ्यांनी एकाच क्षणी परत धडका दिल्या तर आधीच दमलेला डेटाबेस पुन्हा आडवा होतो.

हे सगळं आपल्या कोडमध्ये खरंच चालतंय का, ते पाहायला दहा मिनिटं पुरतात. अ‍ॅपमधून जाणाऱ्या एखाद्या क्वेरीच्या जागी ‘पीजी स्लीप’, म्हणजे नुसतं थांबून राहणारं फंक्शन, ३० सेकंद टाका. दुसऱ्या खिडकीत ‘पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी’ दर सेकंदाला ताजं होत राहील असं उघडून ठेवा. अ‍ॅपला मागणी पाठवा. अ‍ॅपकडून नकार आला, की त्याच क्षणी त्या ओळीकडे बघा. ‘अ‍ॅक्टिव्ह’ची ‘आयडल’ झाली, तर मर्यादा डेटाबेसपर्यंत पोहोचली आहे. ती तशीच ‘अ‍ॅक्टिव्ह’ राहून तीस सेकंद मोजत बसली, तर तुमच्याकडेही आमच्यासारखीच पहिली ओळ तयार आहे.